कळा आल्या की नुसतं पडून राहायचं नाही

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या आमच्या गटांमधल्या सगळ्या ताया, मावश्या, आत्याबाई आणि पहिलटकरणी लेकी, हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडं द्या. घरात सातव्या-आठव्या महिन्याची कोणी असेल तर तिलाही जवळ बसवा. आजचं बोलणं तिच्यासाठी आहे, आणि तिच्याइतकंच तिच्या आईसाठी आणि सासूसाठी आहे.

कंधार तालुक्यातल्या एका गावात आमची बैठक होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या-अंगठे झाले. उठायच्या वेळी एक ताई हळूच म्हणाल्या, “लेक दुसऱ्यांदा पोटुशी आहे, आठवा सरत आलाय. पण ती म्हणते, दवाखान्यात जाणार नाही, घरीच होऊ द्या.”

आम्ही चमकलो. बारावी झालेली पोरगी, पहिलं बाळंतपण दवाखान्यात झालेलं. मग हे कामून? लेक तिथंच बसली होती. ती म्हणाली, “पहिल्या टायमाला मला खाटेवर उताणं झोपवलं. रातभर एकटीच. आई बाहेर व्हरांड्यात. उठायला गेलं की ‘पडून राहा’, आवाज निघाला की ‘ओरडू नको’. दुखणं सोसलं असतं हो, पण तसं एकटीनं पडून राहायची भीतीच बसलीय.”

मग काय, बैठक दीड तास लांबली. प्रत्येकीकडं सांगायला काहीतरी होतं. एक मावशी म्हणाल्या, “आमच्या वेळी सुईण आम्हाला बसू द्यायची नाही, अंगणात फिरवायची. आता पोरी दवाखान्यात गेल्या की आडव्याच.” त्या दिवशी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. बाई दवाखान्याला भ्यायली आणि घरी राहिली, तर रक्तस्रावासारख्या संकटात तिचा जीव जाऊ शकतो. म्हणून ही भीती काढायलाच हवी. आशाताईंशी, नर्सताईंशी बोलून, वाचून, विचारून आम्ही माहिती गोळा केली. तीच आज सांगणार आहोत.

सगळ्यात आधी दोन गोष्टी पक्क्या करू. एक, बाळंतपण दवाखान्यातच करायचं. दोन, दवाखान्यात गेलं म्हणजे सगळा वेळ खाटेला खिळून राहावं लागतं, असं मुळीच नाही.

कळ येते म्हणजे पोटात काय होतं?

गर्भपिशवी म्हणजे जाड स्नायूंची पिशवी. बाळंतपणाची वेळ आली की ती आवळते आणि सैल पडते, पुन्हा आवळते. प्रत्येक आवळण्याबरोबर पिशवीचं तोंड थोडं थोडं पातळ होतं, उघडतं आणि बाळाचं डोकं खाली सरकतं. हीच कळ. जुन्या सुइणी पिशवीचं तोंड बोटांत मोजायच्या, दवाखान्यात ते सेंटिमीटरमध्ये मोजतात. पूर्ण उघडलं म्हणजे १० सेंटिमीटर.

सुरुवातीचा भाग फार सावकाश चालतो. कधी कधी अख्खा दिवस जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली बाळंतपणाच्या काळजीबद्दल सूचना दिल्या आहेत. त्यांत सांगितलं आहे की, तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यावर खरा जोर सुरू होतो. तिथून पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत आणि आधी बाळंत झालेलीला १० तासांपर्यंत वेळ लागू शकतो. एवढा वेळ आपण कसा काढतो, पडून की हलतं राहून, याला म्हणूनच महत्त्व आहे.

आता लक्षात घ्या. कळ म्हणजे आजाराची वेदना नव्हे. ती येते, चढते, एका टोकाला पोचते आणि उतरते. साधारण मिनिटभराची असते. मग मध्ये मोकळा वेळ मिळतो. चढणीवर बैलाला थांबून थांबून नेतात ना, तसं आहे. कळ आली की हलायचं, कळ गेली की अंग सैल सोडून विसावा घ्यायचा. मधला विसावा ज्या बाईला साधला, तिच्या अंगात शेवटपर्यंत बळ राहतं.

उताणं पडल्यानं काय होतं?

पाठीच्या कण्याजवळून रक्ताची एक मोठी नळी जाते. बाई पूर्ण उताणी झोपली की भरलेल्या पिशवीचं वजन त्या नळीवर पडतं. त्यानं बाईला गरगरतं, घाम फुटतो आणि बाळाकडं जाणारं रक्तही कमी होऊ शकतं. दुसरं म्हणजे, माकडहाड खाली दबून राहतं. बाळाला वाट देण्यासाठी ते थोडं मागं सरकायला हवं, पण त्याला सरकायला जागाच उरत नाही. तिसरं म्हणजे, बाळाचं वजन खालच्या दिशेनं मदत करत नाही.

उभं राहिलं, पुढं वाकलं, कंबर डोलवली की हेच सगळं आपल्या बाजूनं होतं. घरातली मोठी पेटी अरुंद दारातून काढताना आपण ती सरळ ढकलत नाही. थोडी तिरकी करतो, एक कोपरा आधी काढतो, मग दुसरा. बाळाचं डोकंही असंच वळत वळत बाहेर येतं. फरक एवढाच की इथं दारसुद्धा थोडं हलतं. एक पाय उचलला, कंबर या बाजूला झुकवली की कमरेच्या हाडांत त्या बाजूला जरा जास्त जागा होते. आपण डुलतो तेव्हा बाळाला वाट शोधायला मदत करत असतो.

हे आमचंच म्हणणं नाही. जगभरातल्या २५ अभ्यासांतल्या पाच हजारांहून जास्त बायकांची माहिती २०१३ साली एकत्र तपासली गेली. ज्या बायका सुरुवातीच्या काळात उभ्या, बसत्या, चालत्या राहिल्या, त्यांचा तो काळ आडव्या पडलेल्यांपेक्षा सुमारे एक तास वीस मिनिटांनी कमी भरला. त्यांच्यात सिझरचं प्रमाणही कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा हेच सांगते की, ज्या बाईला काही धोका नाही तिला कळांच्या काळात हिंडू-फिरू द्यावं, उभं-बसतं राहायला प्रोत्साहन द्यावं.

आणि आपल्याकडं तरी हे नवीन कुठं आहे? आयुर्वेदाच्या चरकसंहितेत बाळंतपणाच्या वेळची एक चर्चा आहे. काही जण म्हणत होते की, कळा येत असताना बाईनं मुसळ घेऊन उखळात धान्य कांडावं. त्यावर आत्रेय ऋषींनी सांगितलं की, असे जड कष्ट या वेळी नकोत, मुसळ नको. पण जांभया देणं आणि हळूहळू चालणं चालू ठेवावं. बघा, किती नेमका फरक केला आहे! चालणं वेगळं आणि राबणं वेगळं. आपल्याकडं अजूनही कोणी म्हणतं, “कळा लवकर येतील, जरा पाण्याच्या घागरी आण, फरशी पूस.” तसं करायचं नाही. बाईनं हलायचं ते तिच्या अंगाला बरं वाटावं म्हणून, घरकाम उरकावं म्हणून नाही.

अंग कसं हलवायचं? सहा सोप्या रीती

यासाठी कुठलं सामान लागत नाही. भिंत, खाट, उशी, लुगडं आणि एक जवळचं माणूस पुरे. आठव्या महिन्यापासून सवय करून ठेवली तर ऐन वेळी गोंधळ होत नाही.

पहिली रीत, चालणं. व्हरांड्यात, वॉर्डात सावकाश फेऱ्या मारायच्या. कळ आली की थांबायचं, भिंतीला किंवा सोबतिणीच्या खांद्याला धरायचं. कळ ओसरली की पुन्हा चालायचं किंवा बसायचं. दमेपर्यंत फेऱ्या मारायच्या नाहीत. पायात न घसरणारी चप्पल हवी. ओल्या फरशीवर आणि न्हाणीत जाताना सोबतीण हवीच.

दुसरी रीत, पुढं टेकून डुलणं. भिंतीवर दोन्ही हात ठेवा, कपाळ हातांवर टेकवा, पाय थोडे फाकवा आणि कंबर हळू हळू डावी-उजवीकडं न्या. कडेवरचं लेकरू निजवताना आपण कशा डुलतो, अगदी तसंच. किंवा सोबतिणीच्या गळ्यात हात टाकून तिच्या अंगावर भार द्या आणि दोघी मिळून डुला. नांदेडच्या एका गटात हे करून बघताना बायका इतक्या हसल्या की शेजारच्या घरातले लोक बघायला आले. हसू द्या. हसताना अंग सैल होतं, आणि तेच तर आपल्याला हवं आहे.

तिसरी रीत, उलटं बसणं. खुर्चीवर पाठीच्या बाजूला तोंड करून दोन्हीकडं पाय टाकून बसा, खुर्चीच्या पाठीवर उशी ठेवून त्यावर डोकं टेकवा. खुर्ची पक्की असावी, चाकाची किंवा डुगडुगणारी नको. खुर्ची नसेल तर पाटावर बसून समोरच्या खाटेवर हात आणि डोकं टेकवा. यात पाठ मोकळी राहते, सोबतिणीला चोळता येते. बसल्या बसल्या कंबर गोल फिरवली, जात्यावर दळताना फिरते तशी, तर बऱ्याच जणींना बरं वाटतं. जुन्या मावश्यांना हे शिकवावं लागत नाही. त्यांच्या अंगातच ते फिरणं आहे.

चौथी रीत, घोडा होणं. लेकरांना पाठीवर बसवायला आपण होतो तसा घोडा. गुडघ्याखाली घडी केलेलं लुगडं घ्या, हात आणि गुडघे जमिनीवर, आणि पुढं-मागं हळू झुला. हात दुखले तर खाटेच्या काठावर किंवा उशीवर कोपरं टेकवा. ज्यांना कळा पोटात कमी आणि कमरेत जास्त येतात, त्यांच्यासाठी ही रीत फार कामाची. कधी कधी बाळाची पाठ आईच्या पाठीकडं असली की असं कमरेत दुखू शकतं. घोडा झाल्यावर बाळाचा भार पाठीवरून निघून पोटाकडं येतो आणि कमरेला उसंत मिळते.

पाचवी रीत, उकिडवं बसणं. आपण शेतात, चुलीपुढं बसतो तसं, पण एकटीनं नाही. खाटेचा दांडा किंवा सोबतिणीचे हात धरून बसायचं. ही रीत शेवटच्या टप्प्यासाठी ठेवा. बाळाचं डोकं खाली आलं आहे का, हे सिस्टरला विचारून मग बसा. कळेपुरतं बसायचं, कळ गेली की उठायचं किंवा टेकायचं. सुरुवातीपासून तासन्‌तास उकिडवं बसलं तर पाय भरून येतात आणि बळ वाया जातं.

सहावी रीत, कुशीवर निजणं. हो, झोपायलाही हवं. रात्रभर कळा आल्या तर कोण चालेल? दमल्यावर डाव्या कुशीवर वळायचं, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी किंवा गुंडाळलेली गोधडी ठेवायची. ज्यांना डॉक्टरांनी उठायला मना केलं आहे, त्यांच्यासाठीही ही रीत आहे. झोपायचंच असेल तर उताणं नको, कुशीवर, एवढं लक्षात ठेवा.

एकाच रीतीला चिकटून राहायचं नाही. अर्ध्या-पाऊण तासानं बदलायचं. कुठली रीत बरी, हे पुस्तक सांगणार नाही, नर्सताई सांगणार नाही, तुमचं अंगच सांगेल.

श्वास, पाणी आणि लघवी

कळ चढताना आपण दात आवळतो, श्वास कोंडतो, मुठी वळतो. त्यानं वेदना वाढते. चूल पेटवताना फुंकणीतून फुंकतो ना? जोरात फुंकलं तर राख डोळ्यांत जाते. हळू, लांब फुंकलं की विस्तव फुलतो. तसा श्वास सोडायचा. नाकानं घ्यायचा, तोंडानं लांब हळू सोडायचा. जबडा सैल, खांदे खाली. जाड आवाजात कण्हलं, ‘आऽऽ’ म्हटलं तरी चालतं. ओवी गुणगुणली तर आणखी बरं, कारण ओवी म्हणताना श्वास आपोआप लांब होतो. कण्हण्यात लाज नाही.

घोट घोट पाणी प्यायचं. डॉक्टरांनी मना केलेलं नसेल तर पातळ पेज, चहा, हलकं काही घ्यायचं. आणि दर दोन तासांनी लघवीला जायचं, लागली नसली तरी. भरलेली लघवीची पिशवी बाळाच्या वाटेत येते आणि कळही जास्त जाणवते.

सोबतिणीनं काय करायचं?

आता आया-सासवांनो, हे तुमच्यासाठी. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून बहुतेक वेळा आईच सोबत असते. आईला लेकीचं दुखणं बघवत नाही आणि ती तिच्याआधी रडायला लागते. तसं करू नका. तुम्ही रडलात की ती घाबरते, आणि घाबरलेलं अंग आखडतं.

तुमचे हात हेच औषध समजा. कळ आली की तळहाताची टाच तिच्या कमरेखाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर ठेवा आणि घट्ट दाबून धरा. घासायचं नाही, दाबायचं. किती जोरात हे तिला विचारा. बहुतेक जणी म्हणतात, “अजून दाब.” कळ उतरली की हात सैल सोडा. मधल्या वेळात खांदे, मान, मांड्या हलक्या हातानं चोळा. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं कमरेवर ठेवा, पण आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा, चटका बसायला नको. कपाळ ओल्या फडक्यानं पुसा. प्रत्येक कळेनंतर एवढंच म्हणा, “ही गेली. आता ही परत येणार नाही.”

“आमच्या टायमाला आम्ही आवाजसुद्धा काढला नाही” हे वाक्य मात्र घरी ठेवून जा.

सोबत असण्यानं काय फरक पडतो, याचेही अभ्यास झाले आहेत. १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांच्या माहितीवरून दिसलं की, ज्यांच्याजवळ सतत कोणी आधार देणारं होतं, त्यांचं बाळंतपण थोडं लवकर झालं, सिझर कमी झाली, आणि बाळंतपणाची वाईट आठवण घेऊन घरी जाणाऱ्या कमी होत्या.

दवाखान्यात हे चालू देतात का?

हाच प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. तर ऐका. केंद्र सरकारनं २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली आहे. ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई असावी. तिला लागण होणारा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिनं पूर्ण वेळ थांबावं आणि डॉक्टर-नर्सच्या कामात अडथळा आणू नये. डिसेंबर २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. प्रसूतिगृहं सुधारणं आणि बाईला मानानं वागवणं हा त्याचा हेतू आहे. सोबतीण असणं आणि स्वतःला सोयीच्या स्थितीत बाळंत होणं या गोष्टी त्यात येतात. २०१८ साली सरकारनं खास प्रशिक्षित प्रसूती परिचारिका तयार करायचं ठरवलं. आपल्या देगलूर-धर्माबादच्या पलीकडं, तेलंगणात, असं प्रशिक्षण २०१७ मध्येच सुरू झालं होतं.

म्हणजे नियम आपल्या बाजूनं आहेत. पण नियम कागदावर आणि वॉर्डात गर्दी, दोन सिस्टर आणि आठ बायका, हेही आपण पाहतो. म्हणून भांडून नाही, आधी बोलून ठेवायचं. आठव्या महिन्यात तपासणीला जाल तेव्हाच आशाताईला बरोबर घेऊन विचारा, “सिस्टर, कळांच्या वेळी आई आत थांबेल ना? सगळं ठीक असेल तर मी चालले-फिरले तर चालेल ना?” दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तेव्हा डॉक्टरांनाच विचारा. आधी ओळख झाली की ऐन वेळी अर्धं काम सोपं होतं. आणि तपासणीसाठी, बाळाचे ठोके ऐकण्यासाठी सिस्टरनं खाटेवर यायला सांगितलं की लगेच जायचं. तपासणी झाली की विचारायचं, “आता उठू का?”

सलाईन लागली तरी कुशीवर वळता येतं, बसता येतं. एवढंच विचारायचं की किती हलू.

कुणी हिंडायचं नाही?

मैत्रिणींनो, हा भाग नीट ऐका. हलणं सगळ्यांसाठी सगळ्या वेळी नाही. रक्तदाब वाढलेला, अंगावरून रक्त जातंय, बाळ पायाळू किंवा आडवं आहे, जुळी आहेत, आधी सिझर झालेलं आहे, दिवस भरायच्या आधी कळा आल्या आहेत, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच हलायचं. पाणमोट फुटली की चालत बसायचं नाही. कुशीवर निजून दवाखान्यात जायचं, बाळाचं डोकं नीट बसलंय हे तपासून झाल्यावरच उठायचं. डोकं वर असेल तर नाळ खाली घसरण्याचा धोका असतो. गुंगीचं इंजेक्शन दिलं असेल तर एकटीनं उठायचं नाही.

आणि ही लक्षणं दिसली तर चालणं, चोळणं, फडकी, सगळं सोडून तडक १०८ ला फोन करायचा: अंगावरून रक्त जाणं, झटके येणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी येणं, पाणी हिरवट किंवा घाण वासाचं असणं, बाळाचं हलणं कमी होणं, ताप भरणं, बाळाचा हात किंवा नाळ आधी दिसणं, पाणी गेलं पण कळाच नाहीत.

तीन गोष्टी कुणी कितीही सांगितल्या तरी करू द्यायच्या नाहीत. घरी किंवा गावात कुणाकडून कळा वाढवायचं इंजेक्शन घ्यायचं नाही. त्यानं पिशवी फाटू शकते. बाळ लवकर यावं म्हणून पोट वरून दाबू द्यायचं नाही. आणि तोंड पूर्ण उघडायच्या आधी जोर करायचा नाही. सिस्टरनं सांगितलं आणि आतूनच जोर आला की मग करायचा.

ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींसाठी

कंधार, लोहा, मुखेड, जळकोट, अहमदपूर भागातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. पोटात सातवा-आठवा असतो तरी कोयत्यामागं जावं लागतं. जमलं तर शेवटच्या दोन महिन्यांत मागं थांबा, ग्रामसंघाशी बोला. जावंच लागलं तर माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत सगळ्यात वर ठेवा. फडावर पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात जवळचं आरोग्य केंद्र आणि तिथली आशाताई शोधा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, रक्त, जेवण आणि जायची-यायची गाडी मोफत आहे. ही सोय २०११ पासून आहे. गरोदर बाईच्या गाडीसाठी १०२ आणि संकटात १०८, दोन्ही फोन पैसे न लागता लागतात. आणि टोळीतल्या एका बाईला तरी हे दाबणं-डुलणं शिकवून ठेवा. गाडी येईपर्यंतचा तास तिच्या आधारानं जाईल.

त्या लेकीचं काय झालं?

तुम्ही विचारणारच. आशाताई, आई आणि आम्ही मिळून तिच्या तपासणीला गेलो. तिनं स्वतः सिस्टरशी बोलून घेतलं. कळा सुरू झाल्या तेव्हा पहिले काही तास घरीच अंगणात फिरली, मग गाडीनं दवाखान्यात. आई आत होती. व्हरांड्यात फेऱ्या मारल्या, खिडकीचा गज धरून डुलली, दमल्यावर कुशीवर निजली. सकाळी मुलगी झाली. बारशाला गेलो तेव्हा आम्ही विचारलं, “मग, कमी दुखलं का गं?” ती म्हणाली, “दुखायचं ते दुखलंच. पण या टायमाला मी भ्याले नाही. काय करायचं ते मला ठावं होतं.”

आम्ही तुम्हाला एवढंच वचन देऊ शकतो. कळा जादूनं जाणार नाहीत. आमच्या गटातली दुसरी एक ताई पाच तास फिरली, डुलली, घोडाही झाली, आणि शेवटी बाळाचे ठोके मंदावले म्हणून सिझर करावं लागलं. ती काही हरली नाही. बाळ आणि आई दोघं सुखरूप घरी आले. वेदना असह्य झाली आणि डॉक्टरांकडं दुखणं कमी करायचं औषध मागितलं, तरी त्यातही कमीपणा नाही.

आता गटासाठी काम. पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर वीस मिनिटं काढा. सतरंजी टाका, गावातल्या गरोदर लेकींना आणि त्यांच्या आया-सासवांना बोलवा, आशाताईलाही बोलवा. दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीनं भिंतीला टेकून डुलायचं, दुसरीनं कमरेवर हात दाबायचा, मग अदलाबदल. गरोदर बाईनं हलक्यानं करायचं आणि काही दुखलं तर थांबायचं. नंतर एकमेकींना हे प्रश्न विचारा: आपल्या गावातून दवाखान्यात जायला किती वेळ लागतो? रात्री गाडी कोण बोलावणार? कळांच्या वेळी कुणाबरोबर आत जायचं, हे प्रत्येक गरोदर बाईनं ठरवलंय का? सिस्टरशी बोलून झालंय का? आणि कोणतं लक्षण दिसलं की चालणं थांबवून तडक निघायचं?

ही उत्तरं बचतीच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पैशांची बचत आपण शिकलो, आता बळाची बचतही शिकू. तुमच्याकडं जुन्या सुइणीची एखादी चांगली रीत असेल तर पुढच्या बैठकीत नक्की सांगा. नर्सताईंना विचारून, ती बिनधोक्याची असेल तर पुढच्या बोलण्यात आम्ही सगळ्यांना सांगू.

येतो मैत्रिणींनो. काळजी घ्या, आणि घरातल्या गरोदर लेकीला आज संध्याकाळी चार पावलं सोबत चालायला घेऊन जा. राम राम.